जीवाणूंच्या नव्या जाती : निकषांचा ऐतिहासिक मागोवा

एखादा जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसणे आणि तो नवी जाती म्हणून विज्ञानात मान्य होणे, या दोन भिन्न घटना होत. डच निरीक्षक लेवेनहूक याने १६७६ मध्ये पाण्यातील सूक्ष्मजीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. मात्र त्यांच्या पद्धतशीर वर्गीकरणासाठी जवळजवळ दोन शतके जावी लागली. १८७२ मध्ये फर्डिनांड कोन यांनी मुख्यतः आकारावरून जीवाणूंचे गट पाडले. हा निकष सोयीचा असला तरी अपुरा होता; कारण सारखेच दंडाकार दिसणारे दोन जीवाणू परस्परांचे फार दूरचे नातलग असू शकतात. म्हणून पुढे रंजनक्रिया, पोषण व वृद्धी यांच्या कसोट्या जोडल्या गेल्या.

दरम्यान एकाच जीवाणूला अनेक नावे मिळून गोंधळ माजला होता. त्यावर उपाय म्हणून १९८० मध्ये संमत नावांची यादी प्रसिद्ध झाली. तीत अडीच हजारांहूनही कमी नावे होती. त्याआधी १९७७ मध्ये कार्ल वोस व जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून नातेसंबंध ठरविण्याचा मार्ग दाखविला होता. तेव्हापासून आकाराऐवजी वंश हा वर्गीकरणाचा आधार बनत गेला.

या परिवर्तनाचा प्रत्यय भारतातही येतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या व अल्कधर्मी पाण्यात अनेक विशिष्ट जीवाणू आढळतात. २०१२ मध्ये वर्णिलेल्या ‘सिसेम्बिया लोनारेन्सिस’ या जातीच्या नावातच सरोवराचा उल्लेख आहे. २००९ मध्ये वातावरणाच्या वरच्या थरातील हवेच्या नमुन्यांतून ‘बॅसिलस आर्यभट्टाय’ या जातीचे वर्णन झाले. २०२० मध्ये ती ‘प्रिस्टिया’ या प्रजातीत हलविण्यात आली. नाव हा अंतिम निवाडा नसून तत्कालीन ज्ञानाची नोंद असते, हे यावरून स्पष्ट होते.

नव्या नावाच्या मान्यतेसाठी मूळ वाणाचे जिवंत संवर्धन दोन भिन्न देशांतील संग्रहांत जमा करावे लागते आणि ते इतर संशोधकांना उपलब्ध असावे लागते. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्याने मात्र जैवसंपत्ती परदेशी सोपविण्यावर नियंत्रण आणले. ज्ञानाची मुक्त देवाणघेवाण आणि देशाचा आपल्या संपत्तीवरील अधिकार, अशा दोन न्याय्य अपेक्षांमध्ये त्यामुळे ताण निर्माण झाला.

दुसरी अडचण अशी की, निसर्गातील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेत वाढविता आलेले नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेककोड’ या नियमावलीने जनुकसंचाची माहिती हाच नावाचा आधार मानण्याची सोय केली. तथापि, ज्या जीवाणूचे केवळ जनुक ज्ञात आहेत, त्याचे प्रत्यक्ष वर्तन कोणासही पडताळून पाहता येत नाही. म्हणून नव्या पद्धतीचा स्वीकार करतानाच संवर्धनाचे जुने, चिकाटीचे काम आणि देशांतर्गत सूक्ष्मजीवसंग्रह जोपासणे अगत्याचे ठरते.