‘गांजाच आहे ना?’: भांगेपासून शॅटरपर्यंतचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली बडबड थोडी कापली आहे, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात एका फोनने. माझा इंजिनिअरिंगचा एक मित्र कॅनडात असतो. तिथे २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. एका रविवारी सकाळी मी पोहे खात बसलो होतो आणि त्याचा फोन आला. त्याच्याकडे शनिवारची रात्र. आणि तो बोलत होता हॉस्पिटलमधून. पार्टीत कोणीतरी त्याला मधाच्या रंगाचा, काचेसारखा एक तुकडा दाखवला. ‘अरे, गांजाच आहे, घे.’ याने एकच झुरका घेतला. थोड्या वेळात छातीत धडधड, हातपाय गार, आणि आता आपण मरणार अशी पक्की खात्री. डॉक्टरांनी चार तास ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. पण फोनवर तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता: ‘तांदळाच्या दाण्याएवढंच होतं रे. आणि गांजाच होता ना?’

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जवळजवळ दोनशे वर्षं मागे गेलो. तीच गोष्ट आज सांगतोय.

आधी झाडाकडे बघू. या झाडाच्या मादीच्या फुलोऱ्यावर अगदी बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांच्यात चिकट राळ तयार होते. नशा येते ती मुख्यतः या राळेतून. देठात जवळजवळ काही नसतं, पानात थोडं असतं, फुलोऱ्यात बरंच असतं, आणि नुसती राळ बाजूला काढली तर सगळ्यात जास्त. आजच्या संपूर्ण भागाचा पाया एवढाच आहे.

आपल्याकडे हे फार पूर्वीपासून माहीत होतं, कारण भाषेतच तीन वेगळे शब्द आहेत. भांग म्हणजे पानं. वाटायची, दुधात किंवा थंडाईत घालायची, प्यायची. गांजा म्हणजे मादी झाडाचा राळेने भरलेला फुलोरा, चिलमीतून ओढायचा. आणि चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ. तीन नावं, तीन ताकदी.

गांजाची लागवड हे तर कसबी काम होतं. मादी फुलात बी धरलं की राळ कमी होते, म्हणून शेतातली नर झाडं वेळेत ओळखून उपटावी लागत. बंगालमध्ये, आज बांगलादेशात असलेल्या नौगाव भागात, या कामासाठी खास जाणकार माणसं शेतोशेती फिरत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना चक्क ‘गांजा डॉक्टर’ म्हटलंय. आपल्या मुंबई इलाख्यात अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हा जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी ओळखला जाई.

चरस मात्र बहुतांशी बाहेरून यायचा. हिमालयात ओल्या फुलोऱ्यावर तळहात चोळून राळ गोळा करत. मध्य आशियातल्या यारकंदकडे वाळलेल्या झाडाची राळयुक्त भुकटी चाळून घेत आणि दाबून तिचे गोळे करत. हा माल काराकोरमच्या खिंडीतून लेहमार्गे पंजाबात उतरायचा आणि सरकार त्यावर कर घ्यायचं. हा व्यापार १९३० च्या दशकात बंद पडला.

आता चला १८३९ सालच्या कलकत्त्याला. तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा एक तरुण आयरिश प्राध्यापक होता, विल्यम ओशॉनेसी. त्याने बाजारातला गांजा घेतला, त्यातली राळ स्पिरिटमध्ये उतरवली आणि टिंक्चर बनवलं. म्हणजे औषधाच्या बाटलीतला गांजाचा अर्क. पाश्चात्त्य वैद्यकाला या औषधाची खरी ओळख करून दिली ती त्यानेच. (हाच माणूस त्याच वर्षी कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोगही करत होता. पुढे १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडले गेले ते त्याच्याच देखरेखीखाली. आपल्या आयटीवाल्यांचा हा खापरपणजोबाच म्हणा!)

त्याचा एक प्रयोग मला विसरता येत नाही. संधिवाताचे तीन रुग्ण. तिघांना दुपारी दोन वाजता राळेचा एक-एक ग्रेन दिला. ग्रेन हे वजनाचं जुनं माप, म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. नावाप्रमाणेच एक दाणा. दोन तासांनी एक जण खूप बोलायला लागला, गाणी म्हणायला लागला, जास्तीचं जेवण मागायला लागला. रात्री आठ वाजता तोच माणूस असा पडला होता की त्याचा हात वर करून सोडला तर हात तसाच हवेत राहायचा. तिसऱ्यावर मात्र काहीच परिणाम झाला नाही. चौकशी केल्यावर कळलं की तो रोजचा गांजा ओढणारा होता.

एकच माप, एकच खोली, एकच वेळ. एक जण ठार गुंग आणि एक जण तसाच्या तसा. माझ्या मित्राच्या त्या रात्रीचा अर्धा खुलासा १८३९ मध्येच झालेला आहे.

हे औषध इंग्लंडात गेलं, अमेरिकेत गेलं, दुकानांत बाटल्यांतून विकलं गेलं. पण एक दुखणं कायम राहिलं. एका बाटलीचे दहा थेंब काहीच करत नसत आणि दुसऱ्या बाटलीचे दहा थेंब माणसाला आडवं करत. राळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे इंजेक्शनही देता येईना. अफूतून मॉर्फिन वेगळं काढता आलं होतं, त्याचं वजन करता येत होतं. इथे नेमकं काय मोजायचं हेच कोणाला माहीत नव्हतं. हळूहळू डॉक्टरांनी नाद सोडला, आणि १९४२ मध्ये अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातूनही ते गेलं.

मधल्या काळात एक मोठी भानगड झाली. हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजाने भरली आहेत असा बोभाटा ब्रिटिश संसदेपर्यंत पोचला. १८९३ मध्ये सरकारने सात जणांचा आयोग नेमला, चार इंग्रज आणि तीन हिंदी. त्यांनी १,१९३ साक्षी नोंदवल्या. पण माझ्यासारख्या रोज डेटाबेसशी डोकं लावणाऱ्या माणसाला भावलं ते त्यांचं दुसरं काम. ते थेट इस्पितळांच्या रजिस्टरपर्यंत गेले.

१८९२ साली इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांपुढे वेडाचं कारण म्हणून गांजा, चरस किंवा भांग लिहिलेलं होतं. आयोगाने एकेक केस पुन्हा तपासली. निघालं काय, तर बऱ्याचदा रुग्णाबरोबर पोलिसांकडून आलेल्या कागदात जे कारण असेल तेच रजिस्टरमध्ये उतरवलं जायचं. हा गांजा ओढायचा का? हो. मग लिहा गांजा. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर कारणाच्या रकान्यात डिफॉल्ट व्हॅल्यू पडत होती. फेरतपासणीनंतर २२२ चे उरले ९८. त्यातही दुसरं कुठलंही कारण जोडलेलं नाही असे ६१.

आता गंमत अशी की गांजाची बाजू घेणारे लोक हा अहवाल ‘बघा, काही होत नाही’ म्हणून नाचवतात. पण ६१ म्हणजे शून्य नव्हे. आयोगाने म्हटलं ते असं की बेताने घेणाऱ्यांचं सहसा फार बिघडत नाही, अतिरेक करणाऱ्यांचं बिघडतं. सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा. आणि भांग, गांजा, चरस या तिन्हींचा विचार त्यांनी वेगवेगळा केला.

काय मोजायचं ते शेवटी १९६४ मध्ये कळलं. इस्राएलमधले राफाएल मेशुलम यांनी पोलिसांकडून जप्त केलेला पाच किलो लेबनॉनी चरस मागून घेतला आणि तो पिशवीत घालून सरळ बसने प्रयोगशाळेत नेला. त्यातून त्यांनी आणि येहिएल गाओनी यांनी मुख्य नशा आणणारं द्रव्य वेगळं करून त्याची रचना मांडली. तेच टीएचसी. आता ताकद टक्क्यांत सांगता येऊ लागली.

पण टक्के मोजता यायला लागल्यावर टक्के वाढवताही यायला लागले. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ मध्ये सरासरी साधारण ४ टक्के टीएचसी असायचं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. आणि त्याच्याही पुढे आले अर्क. तत्त्व ओशॉनेसीचंच: राळ एखाद्या द्रावकात उतरवायची, मग द्रावक उडवून लावायचा. त्याच्या स्पिरिटच्या जागी आता ब्युटेन, म्हणजे लायटरमधला गॅस, किंवा कारखान्यात प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड. काचेसारखा कडक झाला तर शॅटर, मेणासारखा झाला तर वॅक्स, लोण्यासारखा फेटला तर बडर. द्रावक न वापरता उष्णता आणि दाबाने राळ पिळून काढली तर रोझिन. बर्फाच्या पाण्यात ग्रंथी झाडून गाळल्या तर बबल हॅश, म्हणजे आपल्या चाळलेल्या चरसाचाच चुलतभाऊ.

ब्युटेनबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खोलीत खाली साचतो आणि एका ठिणगीने भडकतो. अमेरिकेत घरच्या घरी असले उद्योग करताना स्फोट झालेत, माणसं भाजली आहेत, मेली आहेत. आणि काळ्या बाजारातल्या व्हेपमध्ये काय भरलंय ते तर बघूनही कळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २,८०० हून जास्त रुग्ण आणि ६८ मृत्यू. बऱ्याच प्रकरणांत तेल दाट दिसावं म्हणून मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं.

तुमच्या लक्षात आलं का, या सगळ्या नव्या नावांत एक गोष्ट हरवली? भांग, गांजा, चरस ही नावं ऐकली की ताकदीचा अंदाज यायचा. शॅटर, वॅक्स, बडर ही नावं फक्त पोत सांगतात. काच, मेण, लोणी. आत किती आहे ते नाही सांगत.

आता मित्राचा दाणा मोजू. तांदळाचा एक दाणा साधारण २५ मिलिग्रॅम धरू. शॅटरमध्ये टीएचसी बऱ्याचदा ६० ते ८० टक्के असतं, आपण ७५ धरू. म्हणजे १९ मिलिग्रॅमच्या आसपास टीएचसी. एवढंच टीएचसी १९९५ च्या ४ टक्केवाल्या गांजातून हवं असेल तर जवळजवळ अर्धा ग्रॅम गांजा लागेल. वजनाने एकोणीसपट. तो ओढायला वेळ लागतो, मध्येच डोकं हलकं झालं की माणूस थांबतो. एका झुरक्यात थांबायला जागाच नाही.

कायद्यालाही हा फरक कळतो, अर्ध्यापर्यंत. आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा फुलोऱ्याशिवायची पानं गांजाच्या व्याख्येतून वगळतो, म्हणून भांगेचा विषय राज्यांच्या नियमांकडे जातो. गांजाची ‘अल्प मात्रा’ १ किलोपर्यंत आणि व्यापारी मात्रा २० किलो. चरसाची अल्प मात्रा फक्त १०० ग्रॅम, व्यापारी १ किलो. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षं तुरुंग. अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे ‘अल्प’ याचा अर्थ ‘माफ’ असा नाही. आणि चरसाच्या व्याख्येत कायद्याने हशीश तेल, द्रवरूप हशीश स्पष्टपणे घातलंय. म्हणजे शॅटर किंवा व्हेपमधलं तेल भारतात ‘गांजाच’ नाही, ते चरस आहे. पुन्हा टक्के इथे कोणी मोजत नाही. मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय.

हे मी एवढं सविस्तर का सांगतोय? कारण त्या रात्रीच्या दोन महिने आधी याच मित्राने आमच्या ग्रुपवर विचारलं होतं, ‘दिवाळीला येताना एक व्हेप पेन आणू का?’ आणि आम्ही सगळ्यांनी, मी धरून, हसणारे इमोजी टाकले होते. त्याच्या शहरात ती दुकानात पावतीसकट मिळणारी वस्तू. मुंबईच्या विमानतळावर तीच वस्तू म्हणजे परदेशातून आणलेला चरस.

या भागाची संहिता मी त्याला आधी वाचायला पाठवली. त्याचा एका ओळीचा मेसेज आला: ‘त्या तिसऱ्या पेशंटसारखा मी नव्हतो, एवढं कळलं. पेन आणत नाहीये. चितळ्यांची बाकरवडी मात्र तू आणून ठेव.’

ती आणून ठेवतो. भेटू पुढच्या भागात.