विजयानंतरची कसोटी



शाळेच्या पुस्तकांत लढायांच्या सनावळ्या विपुल असतात. जिंकलेल्या माणसानें सत्ता आपण होऊन दुसऱ्याच्या हातीं दिल्याच्या तारखा मात्र क्वचितच आढळतात. अशीच एक तारीख मी आज आपणांस सांगणार आहें. ती मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका या लहानशा देशाची आहे.

१९४८ च्या फेब्रुवारींत तेथें अध्यक्षाची निवडणूक झाली. ओतिलियो उलाते विजयी झाल्याचें जाहीर झालें. परंतु त्यांचे प्रतिस्पर्धी, माजी अध्यक्ष काल्देरोन यांच्या पक्षानें विधिमंडळांतील बहुमताच्या बळावर ती निवडणूकच रद्द ठरविली. तेव्हां होसे फिगेरेस नांवाच्या शेतमालकानें शस्त्र उचललें. सुमारें सहा आठवड्यांच्या यादवींत २,००० च्या आसपास माणसें मेलीं, आणि सर्व सत्ता फिगेरेस यांच्या मंडळाकडे आली.

मताच्या रक्षणासाठीं तलवार उपसणाराच पुढें मतपेटीस कुलूप लावतो, असा अनुभव अनेक देशांनीं घेतला आहे. येथें तसें घडलें नाहीं. १९४८ च्या १ डिसेंबरास फिगेरेस यांनीं राजधानींतील बेयाविस्ता छावणीच्या भिंतीवर हातोडा मारून सैन्य बरखास्त केलें. यांत हिशेब नव्हता असें नव्हे. जुनी फौज पराभूत पक्षाच्या बाजूनें लढलेली होती. परंतु त्यांनीं स्वतःचीहि फौज कायम ठेवली नाहीं, हें विसरतां कामा नये. पुढें घटनासमितीच्या ४५ जागांपैकीं अवघ्या ४ त्यांच्या मताच्या पक्षास मिळाल्या. समितीनें त्यांचा मसुदा बाजूस सारला. तोहि निर्णय त्यांनीं मानला. नव्या घटनेनें कायमच्या सैन्यास मनाई केली. काल्देरोन यांनीं केलेले कामगारांच्या हिताचे कायदेहि टिकले. शत्रूनें लावलें म्हणून फळझाड कोणी तोडलें नाहीं. आणि १९४९ च्या ८ नोव्हेंबरास, अठरा महिन्यांच्या कारभारानंतर, फिगेरेस यांनीं सत्ता उलाते यांच्या स्वाधीन केली.

या चित्रास काळी बाजूहि आहे. पराभूतांपैकीं अनेकांना देश सोडावा लागला. १९४८ च्या डिसेंबरांत सैनिकांनीं सहा कैद्यांना वाटेंतच गोळ्या घातल्या. साम्यवादी पक्षावर घातलेली बंदी १९७५ पर्यंत उठली नाहीं. ज्या घरांतील माणसें गेलीं, त्यांना सत्तांतराच्या त्या समारंभाचें काय कौतुक वाटावें? जेत्यानें खुर्ची सोडली म्हणजे लोकशाहीचा पाया पडतो. पराजितास निर्भयपणें पुन्हा मत मागतां येईपर्यंत इमारत पुरी होत नाहीं.

ती पुरी होण्यास वेळ लागला. फिगेरेस १९५३ मध्यें रीतसर निवडून आले. १९५८ मध्यें त्यांचा पक्ष हरला, आणि त्यांनीं ती हार निमूटपणें मान्य केली. १९९० मध्यें काल्देरोन यांचे पुत्र अध्यक्ष झाले, आणि १९९४ च्या ८ मे रोजीं त्यांनीं अधिकाराचीं सूत्रें ज्यांच्या हातीं दिलीं, ते फिगेरेस यांचे पुत्र होते. ज्यांच्या वडिलांमधील वैरानें देश रक्तानें न्हाला, त्या दोघांमधील हा व्यवहार केवळ मतपत्रिकांनीं झाला. बेयाविस्ताच्या छावणींत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे.