नाईलकाठचे थांबे

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि इजिप्तमध्ये वारा मात्र बहुतेक काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. त्यामुळे शीड उभारून प्रवाहाविरुद्ध वर जाता येते आणि परतताना शीड गुंडाळून, वल्ह्यांच्या आधाराने, प्रवाहाबरोबर खाली येता येते. एकोणिसाव्या शतकात सधन युरोपीय प्रवासी हिवाळ्यात दहाबिया, म्हणजे मागच्या भागात निजण्या-बसण्याच्या खोल्या असलेली लांबट, उथळ तळाची शिडाची नौका, काही महिन्यांसाठी भाड्याने घेत, तेव्हा वाटेतली कोणती प्राचीन नगरी केव्हा पाहायची हे त्यांच्या इच्छेपेक्षा या वाऱ्यावरच अधिक अवलंबून असे. अनुकूल वारा वाया दवडू नये, जाताना होईल तितके अंतर कापून घ्यावे आणि मंदिरे परतीच्या वाटेवर सावकाश पाहावीत, असा त्या काळी रूढ सल्ला होता. त्याचा एक गमतीदार परिणाम असा, की प्रवाशाला इजिप्तचा इतिहास साधारणपणे उलट्या क्रमाने भेटे: आधी अस्वानजवळची फिले आणि एडफू येथील ग्रीक टॉलेमी राजांच्या काळातली मंदिरे, मग थीब्जचे, म्हणजे आजच्या लक्सर परिसराचे, त्यांच्याहून हजार-बाराशे वर्षे जुने वैभव, आणि सर्वांत शेवटी सक्काराचा त्याहूनही प्राचीन पायऱ्यांचा पिरॅमिड.

हा क्रम वाफेने मोडला. सुएझ कालवा खुला झाला त्याच १८६९ साली, कालव्याच्या उद्घाटनाच्या काही महिने आधी, थॉमस कुक या इंग्रज सहल-व्यवस्थापकाने भाड्याच्या आगबोटींतून आपली पहिली तुकडी नाईलवर नेली. पुढच्या वर्षी त्याचा मुलगा जॉन मेसन कुक याने इजिप्तचा शासक खेदिव इस्माईल याच्या सरकारी आगबोटींवरील प्रवासी वाहतुकीची एजन्सी मिळवली, आणि १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने स्वतःचा ताफाही उभारला. कैरो ते अस्वान आणि परत हा प्रवास आता वीस दिवसांत बसला. दहाबियाचा मुक्काम लांबवणे प्रवाशाच्या हाती होते. आगबोटीचे वेळापत्रक मात्र छापील होते, आणि कोणत्या दिवशी कोठे उतरायचे, हे कैरो सोडण्यापूर्वीच ठरलेले असे. बद्रशीनच्या धक्क्यावरून सक्कारा, केना येथून पलीकडच्या काठावरचे डेंडेरा, लक्सरला तीन दिवस, पुढे एस्ना आणि एडफू, अशी ही माळ होती. प्रवाशांच्या हाती पडावे म्हणून ब्रिटिश म्युझियमचे वॉलिस बज यांनी कुक कंपनीसाठी लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक १८९० साली निघाले, आणि काय पाहायचे याबरोबरच त्याकडे कसे पाहायचे याचीही सोय झाली.

धक्का ते मंदिर हे अंतर गाढवावर बसून कापावे लागे. बोट काठाला लागण्याआधीच गाढवे हाकणारी पोरे गर्दी करून उभी असत. गिऱ्हाईक इंग्रज की अमेरिकन हे हेरून गाढवाचे नाव तिथल्या तिथे बदलण्यात ती पटाईत होती, आणि सकाळी एका नावाने फिरलेले जनावर दुपारी दुसऱ्याच नावाने पुढे येई. त्यांच्यावर देखरेख करी तो ड्रॅगोमन, म्हणजे दुभाषा, वाटाड्या आणि मुनीम अशा तिन्ही भूमिका पार पाडणारा माणूस. सहलीचा खरा कणा हाच वर्ग होता, पण आगबोटींच्या इतिहासात कंपनीची नावे जितकी टिकली तितकी यांची टिकली नाहीत.

ज्यांना ‘ऐतिहासिक नगर’ म्हणून दाखवले जाई ती गावे प्रत्यक्षात जिवंत वस्तीची होती, आणि तीच अडचण ठरत गेली. एडफूच्या होरस मंदिराचे बांधकाम इ. स. पू. २३७ मध्ये सुरू झाले आणि इ. स. पू. ५७ मध्ये संपले. शतकानुशतकांच्या वाळूने आणि राडारोड्याने ते इतके बुजले होते की गावकऱ्यांची घरे थेट त्याच्या छपरावर उभी होती. १८६०च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ओग्यूस्त मारिएत याने ही घरे हटवून मंदिर मोकळे केले. लक्सरच्या मंदिरातूनही १८८०च्या दशकापासून वस्ती उठवली जाऊ लागली. अबुल हज्जाज या सूफी संताची मशीद मात्र हलवता आली नाही, त्यामुळे ती आजही मंदिराच्या अंगणात, जुन्या जमिनीच्या उंचीवर, अधांतरी वाटावी अशी उभी आहे. गावाचे थर काढून टाकल्यावर जे उरते त्यालाच इतिहास मानण्याची ही दृष्टी संशोधकांची होती हे खरे, परंतु बोटीच्या दोन-तीन तासांच्या थांब्याला ती फार सोयीची पडली. इतक्या वेळात मंदिर पाहून होते, गाव होत नाही.

पुढे १८९८ मध्ये लोहमार्ग लक्सरला पोहोचला, आणि वीस दिवसांच्या फेरीची निकड कमी झाली. १९९०च्या दशकात मिन्या आणि असियूत भागातील हिंसाचारामुळे कैरो-लक्सर टप्प्यावरील क्रूझ बंद पडल्या. पुढे काही फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या तरी मध्य इजिप्तमधली ही शहरे सर्वसाधारण पर्यटकाच्या नकाशावरून जवळजवळ पुसली गेली. आज बहुतेक बोटी लक्सर आणि अस्वान यांमधील सुमारे दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यातच फिरतात, आणि पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांचे गटही हाच तीन-चार दिवसांचा टप्पा घेतात. एडफूला गाढवाची जागा घोडागाडीने घेतली आहे. कोम ओम्बोचे सोबेक आणि होरस या दोन देवांचे जुळे मंदिर अगदी काठावरच असल्याने तेथे वाहनाची गरजच नाही.

एस्नाचे मात्र उलटे झाले. कुकच्या काळी तेथे बोट थांबे आणि प्रवासी बाजारातून चालत खोलगट खड्ड्यात उतरून ख्नूम देवाच्या मंदिराचा एकुलता मंडप पाहत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे बंधारा झाला, आणि आता प्रत्येक बोटीला जलपाशातून, म्हणजे दोन दारांच्या आत पाण्याची पातळी चढवून-उतरवून बोट पार करणाऱ्या हौदातून, जावे लागते. त्यासाठी बोटी रांगेत खोळंबतात, आणि होड्यांतून आलेले विक्रेते झगे-चादरींची पुडकी खालून वरच्या डेकवर फेकून तिथूनच घासाघीस करतात. मंदिराच्या छतावरची काजळी साफ करून मूळचे रंग अलीकडेच उजेडात आणले गेले आहेत. तरीही बहुतेक बोटींच्या कार्यक्रमात एस्ना हे दर्शनाचे ठिकाण नसून निव्वळ खोळंब्याचे आहे.