मास्तरांचे मत

लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडून आपण एखाद्या जुन्या माणसाला डिलाईल रोड विचारलात, तर तो आपल्याला बिनचूक तिथे नेऊन सोडील. रस्त्यावरच्या पाटीवर मात्र वेगळेच नाव दिसेल : ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी कोण, असे विचारले तर थोडीफार माहिती असलेला माणूस सांगेल, ते कामगारांचे पुढारी. उत्तर बरोबरच आहे. 1911 साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालवली. 1919 साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते तिथे गेले. पुढच्याच वर्षी आयटकची स्थापना झाली, त्यातही ते होते.

पण आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. 1909 साली भारत सेवक समाजात येण्यापूर्वी जोशी काही वर्षे शाळामास्तर होते. फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसाने कामगारांचे म्हणणे थेट जगाच्या परिषदेत नेले. मास्तरांचे स्वतःचे म्हणणे कोणी कुठे नेले, तेवढे आज पाहू या.

सत्कार करण्यात आपण कधी कमी पडलो नाही, हे आधीच कबूल करतो. 1958 पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार आहेत. 1962 पासून 5 सप्टेंबरला शिक्षक दिन साजरा होतो. राज्याचा पुरस्कार सावित्रीबाई फुले यांच्या नावाने दिला जातो. मुंबईत महापौर पुरस्कार आहे. शाल, श्रीफळ, गुलाबाचे फूल, दोन भाषणे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा वर्गात. हे वाईट नाही. पण मान देणे आणि विचारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरातल्या आजोबांच्या पाया रोज पडायचे आणि घराचा व्यवहार ठरवताना त्यांना बाहेर बसवायचे, यातला प्रकार आहे हा.

ही गोष्ट फार पूर्वी एका माणसाने नेमकी ओळखली होती. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. प्राथमिक शाळेचा मास्तर शिकून तयार झालेला असावा, शेतकरी वर्गातून आलेला असावा, लोकांत मिसळणारा असावा, असे त्यांनी मांडले. पगार दरमहा 12 रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात 15 ते 20 रुपये असावा, हेही सांगितले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मास्तरांना गावच्या कारभारात जागा द्या, म्हणाले. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल पाहणे अशी कामे त्यांच्याकडे असावीत, म्हणजे गावात त्यांचे वजन वाढेल. पाहा, पगार आणि पत या दोन्हींचा विचार एकाच कागदात! पुढे खेडोपाडी मास्तरांकडे टपाल आले खरे. कारभारातली जागा मात्र वाट पाहत राहिली.

आता पुन्हा आपल्या गिरणगावात येऊ. मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा 1920 साली झाला. 1925 साली सक्तीचे शिक्षण प्रथम सुरू झाले ते एफ आणि जी या दोन वॉर्डांत, म्हणजे याच परळ-लोअर परळच्या भागात. हे गिरणीच्या भोंग्यावर जागे होणाऱ्यांचे वॉर्ड. त्याच दशकात या रस्त्यावर बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. एका खोलीत दहा माणसे, आणि त्या खोलीतून दप्तर घेऊन निघालेले पोर. त्याचा बाप कुठल्या पाळीला आहे, आई खानावळ चालवते की कांडीखात्यात आहे, पोर डबा पोचवून उशिरा का येते, हे सारे शाळेच्या बाईंना ठाऊक. 1982 च्या संपात कितीतरी कुटुंबे गावाकडे परतली. ती घटना हजेरीच्या पटावर बहुधा वर्तमानपत्राच्याही आधी उमटली असेल. आज गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि मोठाली दुकाने आहेत. पण पालिकेची शाळा अजून आहे, आणि एकूण आठ भाषांमधून शिकवण्याचा व्याप पालिका सांभाळते आहे.

याच गिरणगावाने एक असा मास्तर दिला की ज्याचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. नारायण सुर्वे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने या अनाथ मुलाला घरी आणून आपले नाव दिले. मुलगा चौथीपर्यंत शिकला आणि मग पोटासाठी मिळेल ते काम करू लागला. पालिकेच्या शाळेत आधी शिपाई झाला, आणि पुढे शिकून पालिकेच्याच शाळेत शिक्षक. 1962 साली त्यांचा पहिला कवितासंग्रह आला, 1966 साली ‘माझे विद्यापीठ’. 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 1998 साली पद्मश्री मिळाली. मराठीने त्यांना ऐकले, ते कवी म्हणून. पण समजा सुर्व्यांनी कविता लिहिली नसती, नुसता वर्गच चालवला असता, तर त्यांचे म्हणणे कोणी विचारले असते का?

त्या 1966 सालाकडे जरा थांबून पाहा. त्याच वर्षी जूनमध्ये कोठारी आयोगाचा अहवाल सादर झाला. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. शिक्षकांचे प्रश्न आणि धोरण यांवर बोलण्यासाठी प्रत्येक राज्यात सरकार आणि शिक्षक संघटना यांची संयुक्त परिषद असावी, असे त्या अहवालाने सुचवले. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला पॅरिसमध्ये शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस मंजूर झाली. शिक्षणाचे धोरण ठरवताना शिक्षकांच्या संघटनांना बरोबर घ्यावे, असे ती सांगते. ती युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या दोघांनी मिळून केलेली. म्हणजे ज्या संघटनेच्या पहिल्या परिषदेला आपले जोशी मास्तर कामगारांसाठी गेले होते, तीच संघटना 47 वर्षांनी मास्तरांच्या बाजूने उभी राहिली.

आपल्या घटनेनेही शिक्षकांना एक दार ठेवले आहे. कलम 171 प्रमाणे विधान परिषदेतील सुमारे एक-बारांश सदस्य शिक्षकांनी निवडून द्यायचे. महाराष्ट्रात 78 पैकी असे 7 सदस्य आहेत, त्यात मुंबईचा एक. ऐकायला बरे वाटते, नाही? पण त्या दाराची चौकट जरा पाहा. मत कोणाला? माध्यमिक शाळेहून खालच्या नाही अशा संस्थेत किमान तीन वर्षे शिकवलेल्याला. म्हणजे पालिकेच्या माध्यमिक शाळेतल्या सरांना मत आहे, आणि पलीकडच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या पोराचा हात धरून ‘ग’ गिरवून घेणाऱ्या बाईंना नाही. त्या पदवीधर असल्या तर पदवीधर मतदारसंघात मत देतील. शिक्षक म्हणून मात्र नाही. आणि गंमत अशी, की त्या मतदारसंघातून उभे राहणारा उमेदवार स्वतः शिक्षक असलाच पाहिजे, अशीही अट नाही.

मतांची कामे मात्र त्यांना चुकत नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना इतर कामांतून मोकळे केले, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामे वगळून. चाळीचे जिने चढून मतदारांची नावे तपासणाऱ्या बाई आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. साऱ्या वस्तीचे मत त्या नोंदवतात; त्यांचे मत कोण नोंदवतो?

कोणी म्हणेल, प्राथमिक शिक्षक हे सरकारचे किंवा पालिकेचे नोकर, त्यांना राजकारणात कशाला ओढता? प्रश्न गैर नाही. शाळेत पक्षांचे झेंडे शिरले तर नुकसान मुलांचेच होईल. पण मग माध्यमिकच्या शिक्षकांना हा धोका का नाही? दुसरा म्हणेल, संख्या फार होईल. होईल ना! ज्यांची संख्या जास्त त्यांना बाहेर ठेवायचे, ही लोकशाहीतली रीत कशी म्हणावी? प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांनी ही मागणी वेळोवेळी केली आहे. आणि तिला घटनादुरुस्तीची सुद्धा गरज नाही. संसदेने कायद्याने वेगळे ठरवीपर्यंतच ही रचना राहील, असे कलम 171 स्वतःच म्हणते.

मताधिकार आला म्हणजे सारे झाले, असे मी म्हणणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. तिथे पालक म्हणून आपणही बसू शकतो. नवे पुस्तक, नवी परीक्षा, नवा नियम आला की तिथे आधी बाईंना विचारावे, “तुम्हाला काय वाटते?” हे विचारायला कुठल्याच कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा येत्या 5 सप्टेंबरला गुलाबाचे फूल जरूर द्या. आणि फूल देऊन झाले की घाईने परतू नका. दोन मिनिटे थांबा, आणि त्यांना बोलू द्या.