टाकीवरची काच

मोटारसायकलचा काटा बिघडला की आम्ही वर्धेकर टाकी हलवून पेट्रोलचा आवाज ऐकतो. वैमानिकाला आकाशात ही सोय नाही.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय वैमानिक टायगर मॉथवर उडायला शिकले. १९३१ साली इंग्लंडमध्ये प्रथम उडालेले हे छोटे विमान. वरच्या पंखात १९ गॅलनची टाकी आणि तिच्यावर उभी काचेची नळी. पेट्रोल कमी होई तसा तरंगक खाली जाई, नळीतली खूणही उतरे. विजेचे काम नाही.

तरंगक जुनाच. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तिघा भावांनी ‘किताब-उल-हियल’मध्ये भांड्यातली पातळी आपोआप राखणाऱ्या तरंगकांच्या रचना लिहून ठेवल्या.

पण काच कालांतराने धूसर होते, सील झिरपते. मग टाकी रिकामी करून दोन्ही बदलायचे, गळती तपासायची आणि मोजून पेट्रोल भरत खूण पडताळायची.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चे इंधनमापक बंद होते. पट्टीने मोजून केलेल्या हिशेबात पौंड-किलोची गल्लत झाली आणि इंधन हवेतच संपले. विमान गिम्लीला तरंगत उतरले, सगळे वाचले.

प्रवाशाचा जीव ही अमानत आहे. धूसर काचेतून दिसतो तो अंदाज. ती वेळेवर बदलणे हा त्या अमानतीचाच भाग.