देवीच्या मुखी घातलेले शब्द

१९७३ साली आयल ऑफ मॅन बेटावरच्या कॅसलटाउन गावातले एक संग्रहालय विकले गेले. चेटूकविद्येशी संबंधित वस्तूंचे हे संग्रहालय जेराल्ड गार्डनर यांचे. १९६४ च्या फेब्रुवारीत जहाजावर प्रवासात असताना ते वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार संग्रहालय त्यांच्या शिष्या मोनीक विल्सन यांच्याकडे आले. विल्सनबाईंनी ते 'रिप्लीज बिलीव्ह इट ऑर नॉट' या कंपनीला विकले. त्या सामानासोबत गार्डनर यांचे कागदही गेले. पुढे टोरंटोला हे कागद चाळताना एडन केली या अमेरिकन अभ्यासकाच्या हाती चामडी बांधणीची एक हस्तलिखित वही लागली. तिचे नाव मुद्दाम जुनाट वळणाचे: 'ये बोक ऑफ ये आर्ट मॅजिकल'. गार्डनर यांनी पुढे आणलेल्या आणि आज जगभर पसरलेल्या विक्का या नवमूर्तिपूजक पंथाचे मंत्र आणि आवाहने कशी घडली, हे सांगणारे याहून जवळचे साधन दुसरे नाही.

आधी विधी पाहू. पौर्णिमेच्या रात्री मंडळी रिंगण आखतात आणि चारी दिशांच्या रक्षकांना बोलावतात. मग पुरोहित चंद्रदेवीला मुख्य पुजारिणीच्या देहात उतरण्याचे आवाहन करतो. तिच्यात देवी आली असे मानले जाते आणि ती 'मी' म्हणून बोलू लागते. या भाषणाला 'चार्ज ऑफ द गॉडेस', म्हणजे देवीचा आदेश, म्हणतात. मराठी वाचकाला इथे अंगात येणे आठवेल. साम्य आहे, पण एक फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे अंगात आल्यावर काय बोलले जाईल हे कोणी लिहून ठेवलेले नसते. इथे देवीचे बोलणे आधीच ठरलेले, लिहिलेले आणि पाठ केलेले असते. लिहिलेले असल्यामुळेच त्याचा माग काढता येतो.

गार्डनर यांचे स्वतःचे निवेदन असे: मलायातल्या जकात खात्याच्या नोकरीतून १९३६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हायक्लिफ इथे राहायला आले. तिथे ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे टिकून राहिलेल्या चेटकिणींच्या एका मंडळीने सप्टेंबर १९३९ मध्ये त्यांना दीक्षा दिली. इतिहासकार राजवाडे यांच्या शिस्तीत वाढलेला मराठी वाचक या निवेदनाला बखरीची जागा देईल आणि अस्सल कागद मागेल. तो कागद म्हणजे ही वही.

वहीत 'की ऑफ सॉलोमन' या जादूच्या ग्रंथाच्या १८८९ साली छापलेल्या मॅदर्सकृत इंग्रजी भाषांतरातले उतारे आहेत. गूढविद्येवर लिहिणारे इंग्रज लेखक अलिस्टर क्रॉली यांच्या लेखनातले तुकडे आहेत. तीन पायऱ्यांच्या दीक्षाविधींचे मजकूर आहेत. आणि 'बुरखा उचला' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली देवीच्या आदेशाचा सर्वांत जुना उपलब्ध पाठ आहे. गार्डनर यांनी १९४९ मध्ये 'हाय मॅजिक्स एड' ही कादंबरी प्रसिद्ध केली, तीत चेटकिणींचा देव आहे, दीक्षा आहे; देवीची उपासना मात्र नाही आणि हा आदेशही नाही. पाच वर्षांनी आलेल्या 'विचक्राफ्ट टुडे' या पुस्तकात देवी मध्यभागी आहे. दीक्षेपूर्वी वाचायच्या आदेशाचा आरंभ त्यांनी तिथे छापला आणि प्राचीन रहस्यविधींतही असेच काही असावे असा तर्क जोडला.

आता हा पाठ उसवून पाहू. आरंभी देवीची अनेक देशांतली नावे येतात. हा ढंग इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या अपुलियसच्या लॅटिन कादंबरीतल्या इसिस देवीच्या भाषणाचा आहे. पौर्णिमेला एकत्र जमण्याची आज्ञा चार्ल्स लेलंड या अमेरिकन लोकविद्या-संग्राहकाच्या 'अराडिया' या १८९९ च्या पुस्तकातून येते. मॅडालेना नावाच्या टस्कन स्त्रीकडून १ जानेवारी १८९७ रोजी मूळ इटालियन मजकूर आपल्याला मिळाला, असे लेलंड सांगतात. तिथे डायना देवीची मुलगी अराडिया गरिबांना जमीनदारांविरुद्ध विषप्रयोगही शिकवते आणि म्हणते की शेवटचा जुलमी मरेपर्यंत हा क्रम चालू द्या. नव्या आदेशात गुलामीतून सुटण्याचे आश्वासन उरले, जुलमी मरण्याची अट गळाली. पिचलेल्या कुळांचा राग नाहीसा झाला आणि मुक्ती खासगी झाली. या एका वगळण्यात मला पंथाचा सारा सामाजिक इतिहास दिसतो: टस्कनीतल्या शेतकऱ्याची गरज आणि इंग्लंडमधल्या निवृत्त अधिकाऱ्याची गरज एक नव्हती.

तिसरा धागा क्रॉली यांचा. १९०४ साली कैरोत त्यांनी लिहून घेतलेल्या 'बुक ऑफ द लॉ'मध्ये आकाशदेवी नुइट भक्तांना इहलोकीच्या आनंदाचे वचन देते आणि बलिदान मागत नाही. ते वचन आदेशात जवळजवळ तसेच उतरले. गार्डनर आणि क्रॉली यांची भेट मे १९४७ मधली, हेस्टिंग्ज इथली. क्रॉली यांच्या रोजनिशीत तिची नोंद आहे.

हे धागे नीट जुळले नाहीत, याचा पुरावा मजकुरातच आहे. देवीच्या वेदीपाशी स्पार्टातल्या लॅकेडेमॉनच्या तरुणांनी बळी अर्पण केला, असे आरंभीचे एक वाक्य सांगते. पुढे तीच देवी म्हणते, मला बळी नको. शिवाय स्पार्टा हे शहर लॅकेडेमॉन प्रदेशात होते. वाक्यात ते उलटे झाले आहे. जेनेट आणि स्ट्यूअर्ट फरार या दांपत्याने १९८१ च्या आपल्या पुस्तकात या दोन्ही गोष्टी दाखवून दिल्या आणि आपण ते वाक्य म्हणत नाही हे उघड सांगितले. शतकानुशतके तोंडातोंडी चालत आलेल्या मंत्रात शब्द झिजतात, अर्थ हरवतात. ही चूक तशी नाही. पुस्तके समोर ठेवून घाईने लिहिणाऱ्याची ही चूक आहे.

इथे डोरीन व्हॅलिएन्टे येतात. जन्म १९२२ चा. १९५३ च्या उन्हाळ्यात गार्डनर यांनी त्यांना दीक्षा दिली. विधीत आदेश ऐकतानाच त्यांनी लेलंड आणि क्रॉली यांचे शब्द ओळखले, कारण दोघांची पुस्तके त्यांनी आधी वाचली होती. क्रॉली यांचे नाव बदनाम आहे, त्यांचे शब्द जोवर मजकुरात आहेत तोवर लोक या पंथाकडे गंभीरपणे पाहणार नाहीत, हे त्यांनी गुरूला तोंडावर सांगितले. गार्डनर म्हणाले, तुला याहून चांगले जमत असेल तर कर. त्यांनी केले. आधी पद्यात रचले, ते म्हणणाऱ्यांना अवघड वाटले. मग गद्यात लिहिले. क्रॉली यांचे बरेच काढले, थोडे ठेवले. लेलंड यांचा गाभा राखला. आणि शेवटी स्वतःचे असे काही घातले जे आधीच्या कोणत्याच कागदात नाही: देवी भक्ताला परस्परपूरक गुणांच्या जोड्या सांगते, त्यांत हसण्यालाही जागा देते, आणि जे शोधतोस ते स्वतःत सापडले नाही तर बाहेर सापडणार नाही असे बजावते. पंथातल्या लोकांना सर्वाधिक पाठ असतो तो हाच भाग.

त्याच वर्षीच्या नाताळाच्या सुमाराची हकिकत व्हॅलिएन्टे यांनीच नोंदवली आहे. संध्याकाळी हिवाळी अयनदिनाचा विधी व्हायचा होता. दुपारच्या जेवणानंतर गार्डनर यांनी त्यांना ऐनवेळी सांगितले, आवाहन लिहून दे. स्कॉटलंडच्या गेलिक लोकांतून अलेक्झांडर कारमायकेल यांनी गोळा केलेल्या 'कार्मिना गाडेलिका'तल्या एका नाताळगीताचा आधार घेऊन त्यांनी काही तासांत ते रचले. पुढच्या वर्षी गार्डनर यांनी ते छापले ते पारंपरिक स्तोत्र असावे अशा थाटात. १९०० साली आलेल्या त्या गेलिक संग्रहावरही संपादकाचा हात बराच फिरलेला आहे, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. म्हणजे ख्रिस्ती कोळ्या-शेतकऱ्यांचे गीत संग्राहकाने सजवले, त्यावरून एका तरुण स्त्रीने सूर्यजन्माचे मूर्तिपूजक आवाहन केले, आणि गुरूने त्याला प्राचीनत्व दिले.

इतर मंत्रांचीही कुळकथा अशीच लांबची. 'एको एको' हा रिंगणात फिरताना म्हणायचा घोष १९२१ मध्ये 'फॉर्म' या नियतकालिकात छापला गेला, लेखक जे. एफ. सी. फुलर, म्हणजे रणगाड्यांच्या युद्धतंत्रावर लिहिणारे ब्रिटिश सेनाधिकारी. 'बागाही' म्हणून ओळखला जाणारा अर्थहीन अक्षरांचा मंत्र तेराव्या शतकातल्या रुतबफ या फ्रेंच कवीच्या नाटकातला आहे. तिथे एक पात्र त्याने सैतानाला बोलावते. दिशांना बोलावताना येणारे 'टेहळणी बुरूज' थेट जॉन डी यांच्या रोजनिशीतले. एलिझाबेथ राणीच्या काळचे हे श्रद्धाळू ख्रिस्ती विद्वान १५८४ मध्ये क्राकोव्ह शहरात एडवर्ड केली यांच्या मध्यस्थीने देवदूतांशी बोलत होते. तिथे दिसलेले चार बुरूज १८८८ मध्ये स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' या गूढविद्या-संघाने घेतले आणि तिथून ते विक्काच्या रिंगणात आले.

यावरून सारे बनावट होते, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. व्हॅलिएन्टे यांनी तो काढला नाही आणि आंधळा विश्वासही ठेवला नाही. गार्डनर यांना दीक्षा देणाऱ्या 'ओल्ड डोरोथी' कधी अस्तित्वातच नव्हत्या, अशी शंका एका इतिहासकाराने घेतली, तेव्हा १९८० मध्ये त्यांनी दप्तरे धुंडाळायला घेतली. हा शोध त्यांना भारतापर्यंत घेऊन आला. डोरोथी क्लटरबक यांचा जन्म १९ जानेवारी १८८० चा, बाप्तिस्मा अंबाल्याच्या सेंट पॉल चर्चमधला, वडील इथल्या फौजेत कप्तान. हायक्लिफला त्या राहत होत्या आणि १९५१ साली वारल्या. बाई खऱ्या होत्या, हे सिद्ध झाले. त्या चेटकीण होत्या, हे मात्र झाले नाही. नंतर पुढे आलेल्या त्यांच्या १९४२-४३ च्या रोजनिश्या इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी वाचल्या. त्यांत चर्चनिष्ठ ख्रिस्ती बाईच दिसतात. आपल्याला सोयीचा तेवढाच पुरावा छापण्याचा मोह व्हॅलिएन्टे यांनी टाळला. आदेशात आपले काय आणि दुसऱ्यांचे काय, हेही १९८९ च्या आत्मकथनात त्यांनी स्वतःहून मांडले. स्वतःच्या पंथाच्या पोथीची अशी चिकित्सा त्याच पंथाच्या पुजारिणीने करावी, याचे मला मोठे मोल वाटते.

कागद एवढे ठामपणे सांगतात: देवीचा आदेश, आज जसा म्हटला जातो तसा, १९५३ नंतरचा आहे. त्यातले साहित्य जुने, शिवण नवी. हजारो लोक तो म्हणताना खरोखर देवीसमोर उभे असतात, आणि त्या अनुभवाला प्राचीनत्वाच्या दाखल्याची गरज नाही. गरज आहे ती श्रेय देण्याची. व्हॅलिएन्टे १ सप्टेंबर १९९९ रोजी वारल्या. त्या ब्रायटनमध्ये ज्या इमारतीत राहत, तिथे २०१३ मध्ये त्यांच्या नावाची निळी पाटी लागली. तरीही हा मजकूर 'पारंपरिक' किंवा 'कर्ता अज्ञात' म्हणून ठिकठिकाणी छापला जातो. जो कोणी तो छापेल, भाषांतरित करेल किंवा म्हणेल, त्याने खाली डोरीन व्हॅलिएन्टे हे नाव लिहावे.