चाक जमिनीवर राहावं म्हणून

मामाची जीप माझ्याहून वयाने मोठी आहे. जुन्नरकडच्या मळ्यातून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोचवणं हे तिचं काम. आणि मी मेकॅनिकलची पदवी घेऊन पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणारा भाचा, त्यामुळे त्या जीपमध्ये मला टोमॅटोऐवजी डोंगर दिसतात. तीन वर्षांपूर्वी मामाच्या मागे लागून मी ती ‘ऑफरोडिंग’साठी तयार करायला घेतली. माहितीतल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, मागे दोन-दोन पाटे वाढवू, गाडी मस्त वर उचलली जाईल. गाडी खरोखरच वर उचलली गेली. दिसायलाही रुबाबदार झाली. मग पहिल्याच पावसात मळ्यामागच्या ओढ्याच्या उतारावर तिचं मागचं डावं चाक हवेत गेलं आणि गरगर फिरत राहिलं. उजवं चाक चिखलात निवांत उभं. ज्या जागेवरून मामा वीस वर्षं टोमॅटो आणत होता, तिथून गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला.

ट्रॅक्टर येईपर्यंत मामा एकच वाक्य बोलला, “आधी निघत होती रे.”

ते वाक्य फार लागलं. गाडी उंच करूनही ती आधीपेक्षा कमी कशी चालू शकते, हे शोधताना मी जो इतिहास वाचत गेलो, तो हा.

सुरुवात पाट्यांपासून करावी लागते. बैलगाडीला स्प्रिंग नसते, टांग्याला असते. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची ती कमान, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं ‘पाटे’ म्हणतात ते, मोटारीच्या आधीपासून घोडागाड्यांना होती. ओबडाया इलियट नावाच्या लंडनच्या कारागिराने १८०४ साली लंबवर्तुळाकार पाट्यांचं पेटंट घेतलं. पाट्यांची खुबी अशी की ते एकटेच अनेक कामं करतात. वजन तोलतात, अ‍ॅक्सलला पुढे-मागे सरकू देत नाहीत, आजूबाजूला हलू देत नाहीत, आणि पट्ट्या एकमेकींवर घासतात त्यामुळे उसळीही थोडी मरते. चार यू-बोल्ट, दोन बुश, एक शॅकल, झालं. स्वस्त, मजबूत, कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारं.

म्हणूनच १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना हलक्या चारचाकी-चालनाच्या गाडीसाठी विचारलं, तेव्हा पाट्यांशिवाय दुसरा विचार कुणी करण्याचं कारण नव्हतं. नमुना गाडी ४९ दिवसांत हवी होती. बँटम या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावलं, बाजारात तयार मिळणारे भाग गोळा केले आणि २३ सप्टेंबरला गाडी कॅम्प होलाबर्डला हजर केली. पुढे विलीज आणि फोर्डने मिळून महायुद्धात अशा सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. ८० इंची व्हीलबेस, आखूड पाटे, कडक बसणं. ज्याने जुनी जीप चालवली आहे, त्याच्या कमरेला हा इतिहास वेगळा सांगायला नको.

त्या घाईतल्या निर्णयावर मला टीका करायची नाही. चार सैनिक, दारूगोळा आणि मागे ट्रेलर, एवढं वाहणाऱ्या गाडीला कडक स्प्रिंगच लागते. गंमत पुढे आहे. लष्कराच्या घाईने ठरवलेला हा ढाचा पुढची काही दशकं ‘खडतर रस्त्याची गाडी अशीच असते’ म्हणून जगभर मान्य झाला. १९४७ साली मॉरिस विल्क्सने वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर, स्वतःकडच्या जीपवरून सुचलेली गाडी आखली. ती १९४८ च्या एप्रिलअखेर अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली, तिचं नाव लँड रोव्हर. व्हीलबेस तोच ८० इंच आणि पाटेही तसेच. त्याच सुमाराला मुंबईत महिंद्रांनी विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली होती. माझगावात जोडलेल्या त्या गाड्यांचा वंश म्हणजे मामाची जीप. पाट्यांसकट.

आता थोडं गणित. घाबरू नका, एकच आहे.

समजा मागच्या एका चाकावर स्प्रिंगला ३०० किलो भार येतो आणि पाटे असे आहेत की दर ३० किलोला एक सेंटिमीटर दबतात. म्हणजे गाडी उभी असताना ते १० सेंटिमीटर दबलेले असणार. आता चाकाखाली खड्डा आला तर ते चाक खाली किती जाईल? शॉकअप आणि शॅकलने अडवलं नाही तर तेच १० सेंटिमीटर. गाडीच्या वजनाने स्प्रिंग जेवढी दबली आहे, तेवढीच ती चाकाला जमिनीवर दाबत खाली पाठवू शकते. त्यापुढे चाक लोंबकळतं, रेटत नाही. मग गॅरेजवाल्याने पाटे वाढवले आणि स्प्रिंग दर ५० किलोला एक सेंटिमीटर दबणारी झाली. भार तोच ३०० किलो. दबणं आता ६ सेंटिमीटर. गाडी ४ सेंटिमीटर वर आली आणि चाकाचं खाली जाणं नेमकं तेवढंच कमी झालं. मला मिळालेली उंची माझ्याच चाकाच्या खालून कापून आणलेली होती.

आणि चाक हवेत गेलं की साधं डिफरन्शियल उरलेल्या चाकाचाही घात करतं. ते दोन्ही चाकांना सारखाच रेटा देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ शून्य रेटा लागतो, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही शून्याच्या आसपासच मिळतो. ओढ्यात नेमकं हेच झालं होतं. हे सगळं मी इंजिनिअरिंगला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, हे इथे कबूल करून टाकतो.

म्हणजे चाकाला लांब पल्ला हवा असेल तर स्प्रिंग मऊ हवी. हे दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच कुणाला तरी कळलं होतं, पण ते जीपवाल्यांना नाही. जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिखने शेतीसाठी उनिमोग आखला. त्याच्या दोन चाकांमधलं अंतर १२७० मिलिमीटर, बटाट्याच्या दोन सऱ्यांएवढं. त्याला पाटे नाहीत. गुंडाळीच्या म्हणजे कॉइल स्प्रिंगा आणि खालून उंच राहणारे अ‍ॅक्सल. नांगरटीच्या रानात चारही चाकं मातीला टेकलेली राहावीत, एवढा साधा शेतकरी हट्ट त्यामागे होता. लष्करं नंतर त्याची गिऱ्हाइकं झाली.

पण खरी उलथापालथ केली ती आरामाच्या मागे लागलेल्या लोकांनी. रोव्हर कंपनीत स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड हे दोघे साठच्या दशकात एका नव्या गाडीवर काम करत होते. सांगतात असं, की रोव्हरची साधी सलून गाडी त्यांनी कारखान्यामागच्या उंचसखल रानात फिरवून पाहिली, आणि ती लँड रोव्हरच्या जवळपास जाऊ शकते हे पाहून किंग चक्रावला. चारही चाकांना जोर नसलेली, मऊ स्प्रिंगांची शहरी गाडी! कारण एकच, तिची चाकं जमीन सोडत नव्हती. १७ जून १९७० ला रेंज रोव्हर बाजारात आली तेव्हा तिला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल होते, पण चारही कोपऱ्यांत लांब, मऊ कॉइल स्प्रिंगा होत्या.

कॉइल स्प्रिंगला पाट्यांसारखं हरहुन्नरीपण नसतं. तिला फक्त वर-खाली कळतं. मग अ‍ॅक्सल धरून ठेवायला दांडे लागतात: पुढे दोन लांब रेडियस आर्म आणि आडवा पॅनहार्ड रॉड, मागे दोन दांडे आणि मधोमध इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची चौकट. एका वस्तूची कामं अनेकांत वाटून दिली. प्रोग्रामिंगमध्ये एक फंक्शन चार कामं करत असेल तर आम्ही ते फोडतो, कारण एक काम सुधारताना बाकीची तीन बिघडतात. किंग-बॅशफर्डने तेच केलं. पाटे मऊ केले तर अ‍ॅक्सल सैल होतो. कॉइल मऊ केली तर अ‍ॅक्सलला काही फरक पडत नाही, तो दांड्यांनी धरलेला असतो.

मग मऊ स्प्रिंगेचं दुखणं समोर आलं. मागे सामान भरलं की गाडी ढुंगण टेकणार. त्यावर त्यांनी मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध बोगे कंपनीचा एक खास दट्ट्या बसवला. गाडी चालताना होणाऱ्या हलण्यावरच तो स्वतःला पंप करून घेतो आणि बसलेली मागची बाजू पुन्हा वर आणतो. बाहेरून वीज नाही, कॉम्प्रेसर नाही. या एका भागावर माझा फार जीव आहे. वळणावर मात्र ती जुनी रेंज रोव्हर होडीसारखी कलायची. कलणं रोखणारी आडवी सळई तिला दिलेलीच नव्हती, कारण ती सळई एका चाकाची हालचाल दुसऱ्याच्या गळ्यात बांधते.

ही गाडी डोंगराची राणी झाली आणि लगेच माणसांनी तिला आणखी ‘सुधारायला’ घेतलं. १९७१-७२ च्या ब्रिटिश मोहिमेत जॉन ब्लॅशफर्ड-स्नेलच्या नेतृत्वाखाली दोन रेंज रोव्हर अलास्काहून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत निघाल्या. मध्ये पनामा आणि कोलंबियामधलं दारियनचं रस्ता नसलेलं अरण्य. दलदलीसाठी गाड्यांना अवाढव्य टायर चढवले होते. अरण्यात डिफरन्शियलं फुटायला लागली, आणि बोट त्या टायरांकडेच गेलं. तो जेमतेम चारशे किलोमीटरचा पट्टा पार करायला जवळपास शंभर दिवस गेले. गॅरेजमध्ये मोठे टायर पाहून माझे डोळे चमकतात तेव्हा मी ही गोष्ट आठवायचा प्रयत्न करतो. दर वेळी आठवतेच असं नाही.

श्रीमंतांच्या गाडीचं हे मऊपण कष्टकऱ्यांच्या लँड रोव्हरपर्यंत पोचायला १९८३ साल उजाडलं. जीप रँग्लरला चारही कॉइल आल्या त्या १९९६ मध्ये. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी मात्र कंपन्यांची वाट पाहिली नाही. जुन्या जीपला अ‍ॅक्सलच्या खाली असलेले पाटे त्याच्या वर घ्यायचे, ही त्यांची आवडती युक्ती. गाडी चार-पाच इंच वर येते, पाटे तेच राहतात, म्हणून मऊपणा आणि खाली जाणं शाबूत. पण मग प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, स्टिअरिंगचे दांडे तिरके होतात, ब्रेकचे होज ताणले जातात आणि जोर लावला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात. पल्ला मोजायलाही त्यांनी रीत काढली: २० अंशांच्या उतरंडीवर एक चाक चढवत न्यायचं, दुसरं चाक जमीन सोडेपर्यंत. चढलेलं अंतर भागिले व्हीलबेस, गुणिले हजार. २००७ च्या रँग्लर रुबिकॉनमध्ये तर कंपनीनेच ती आडवी सळई बटण दाबून सोडवायची सोय दिली.

आपल्याकडे पाटे टिकले. मारुती जिप्सी १९८५ ला आली आणि शेवटपर्यंत चारही बाजूंना पाट्यांवरच धावली. २०१० च्या थारला मागे पाटेच होते. अखंड अ‍ॅक्सल ठेवून मागे कॉइल आणि दांडे आले ते २०२० च्या थारमध्ये, जी नाशिकला बनते. याला मागासलेपण म्हणायची घाई मी पूर्वी केली असती. आता वाटतं, ज्या देशात जीप म्हणजे आठवड्याला दहा माणसं, दोन शेळ्या आणि बी-बियाणं, तिथे कडक पाटे हाच हिशेब बरोबर होता. त्यात मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई करणारं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. मामाच्या जीपचे पाटे कापून कॉइल आणि दांडे वेल्ड करायचं जे चित्र मी लॅपटॉपवर काढून ठेवलं होतं, ते तिथेच राहिलं.

गेल्या मे महिन्यात आम्ही उलटं काम केलं. वाढवलेले पाटे काढले. उरलेले सुटे करून तारेच्या ब्रशने घासले, मधे ग्रीस भरलं, कारण गंजलेले पाटे एकमेकांना चिकटून एकाच जाड पाट्यासारखे वागतात. बुश नवे घातले, शॅकल मोकळे केले. पाट्यांचा पल्ला संपण्याआधी शॉकअपच अडवत होते, ते मूळ मापाचे आणून बसवले. सगळा खर्च त्या दोन पाट्यांच्या खर्चाहून थोडा जास्त आला.

जूनच्या पावसात ओढ्याच्या त्याच उतारावर गाडी घातली. मी खाली उतरून चिखलात वाकून मागच्या चाकाकडे बघत होतो. डावं चाक खड्ड्यात उतरत गेलं, पाटे सरळ होत गेले, आणि टायरने तळ सोडला नाही. जीप हळूच बाहेर आली. मी मामाकडे पाहून हात वर केले.

मामाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “बरं झालं,” तो म्हणाला. “पण उद्या साठ क्रेट आहेत. ते काढलेले पाटे कुठे ठेवलेस?”